क्लचवरचा डावा पाय: तुम्ही स्वतः चालवलेल्या गिअरच्या गाड्या सांगा

अर्धा क्लच (फोंडा), शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, डाव्या गुडघ्याने शेवटी नोटीस दिली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, जिप्सी. ते हसले. म्हणाले, "एकतर ती जाईल नाहीतर गुडघा." घरी येऊन सांगितलं तर बायकोने पुढच्याच आठवड्यात ऑटोमॅटिक बुक केली. मला फक्त रंग विचारला.

म्हणून जिप्सी जायच्या आत हा धागा. अट एकच. गाडी तुम्ही स्वतः चालवलेली हवी. मालकीची नसली तरी चालेल. शेजाऱ्याची, शेटची, सासऱ्यांची न विचारता काढलेली, कुठलीही. जाहिरात वाचून बनवलेली मतं मात्र कृपया दुसऱ्या धाग्यावर.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी गुरांचा डॉक्टर. सगळी नोकरी सांगे, सत्तरी, धारबांदोडा ह्याच पट्ट्यात झाली. आधी जुनी जिप्सी चालवली, १९८५ साली आलेली तीच, ९७० सीसी, चार गिअर. मग स्वतःची जिप्सी किंग घेतली, १२९८ सीसी, पाच गिअर. चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्डा कुठला होता ते दुसऱ्या दिवशी कंबर सांगायची. पण गिअर! लांब दांडा, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्ये एक किंचित अडखळ, आणि मग "खट". त्या खटक्यावर मी इतकी वर्षं काढली.

एकच रात्र सांगतो. नेत्रावळी, जुलै महिना. गाय अडलेली, वासराचा एक पाय मागे दुमडलेला. मोकळा झालो तेव्हा दीड वाजला होता. येताना ज्या उतारावरून परत खाली यायचं तो लाल मातीचा, आणि पावसाने त्याचा शिरा झालेला. त्या जिप्सीला फोर व्हील लावायचं म्हणजे नुसता दांडा ओढून भागत नसे. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून "फ्री"वरून "लॉक"वर आणायचे. टॉर्च दातांत धरली, चिखलात गुडघा टेकला (हाच तो, डावा), आणि हात आधीच कोपरापर्यंत बुळबुळीत असल्यामुळे तो गोल खटका काही केल्या पकडीत येईना. शेवटी शर्टाच्या टोकात धरून फिरवला.

मग छोटा दांडा फोर-एलवर (चारही चाकं, सगळ्यात हळू), मोठा दांडा पहिल्यात, आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून खाली ठेवून दिले. नवख्याला नेमकं हेच जमत नाही. उतारावर ब्रेकला पाय लागला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही, ती साबणाच्या वडीसारखी जाते. पाय बाजूला ठेवले तर इंजिनच तिला धरून ठेवतं. एकेक दात मोजत असल्यासारखी ती खाली आली. गोठ्याच्या पायरीवरून म्हातारीने हाक मारली, "दोतोर, गाडी बंद पडली काय हो?"

आता तुम्ही बोला.

न्यूट्रल (पर्वरी), शनिवार, रात्री ९:३१

पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू आहे, तिथे संध्याकाळी सहाला एकदा येऊन जा. क्लचवरचं सगळं काव्य दहा मिनिटांत उतरेल. बाकी लेखन आवडलं.

तिस्कवाला (उसगाव), शनिवार, रात्री १०:०५

डॉक्टर, तुमचा तो उतार माहीत आहे मला. 

आम्ही गिअरवर पोट भरलं, त्यामुळे आवडती-नावडती असं कधी बघितलं नाही. २००६ पासून टिप्पर. सहाचाकी, दहा टनांचा. मायनीवर (खाणीवर) माल भरायचा, जेटीवर बार्जसाठी ओतायचा, परत मायनीवर. घड्याळ कुणी बघत नव्हतं, दिवस ट्रिपांत मोजायचा. रस्ताभर पुढे टिप्पर, मागे टिप्पर, आणि मधल्या हवेत नुसती लाल धूळ. भरलेली गाडी सपाटीवर दुसऱ्यानेच उचलायची. पहिला म्हणजे चढावर अडकलो तर राखून ठेवलेला. रिकामी येताना हीच गाडी रिकाम्या डब्यासारखी उडायची, तिसऱ्यानेसुद्धा निघायची. म्हणजे एका दिवसात एकाच दांड्याला दोन वेगवेगळ्या गाड्या.

पण शिकलो मी ह्या गाडीवर नाही. शेटकडे एक जुना खटारा होता, त्यातली सिंक्रोची (गिअरचे दाते आपोआप जुळवणारी) रिंग केव्हाच झिजून गेलेली. शेटने मुद्दाम त्यावरच बसवलं. बाजूला एक म्हातारा ड्रायव्हर, आम्ही त्याला बाब म्हणायचो. त्याचं एकच वाक्य, "पयलीं कान, मागीर हात."

डबल क्लच म्हणजे काय ते पोरांना माहीत नसेल म्हणून लिहितो. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं आहे समजा. क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडून द्या. आता ॲक्सिलरेटरवर एक थाप. लगेच परत क्लच, आणि दुसरा टाका. मधली थाप कशाला? न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की इंजिन गिअरबॉक्सच्या आतले दाते फिरवू लागतं. गाडीचा वेग तोच असताना खालच्या गिअरला ते जास्त जोरात फिरायला हवेत. तेवढा वेग थापेने मिळतो. जुळला की दांडा बोटाने ढकलला तरी आत जातो. नाही जुळला की करर्र, आणि हॉटेलातले सगळे चहा सोडून तुमच्याकडे बघणार. नव्या गाड्यांत हे जुळवायचं काम सिंक्रो करतो, एवढाच फरक. थाप किती मोठी ते काटा बघून कळत नाही, इंजिनाचा सूर ऐकून कळतं. बाब तर माझ्याकडे न बघता, बाहेर तोंड करून सांगायचा, "आता जाय ना... आता जाय ना... आता." (जाय ना म्हणजे नको.)

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने मायनिंग थांबवलं, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. गाड्या जिथल्या तिथे. पुढचं उद्या लिहितो, फोन गरम झालाय.

केरीची कैरी (पेडणे), शनिवार, रात्री १०:२०

दंडवत दोघांनाही. 

माझी मारुती ८००. हसू नका. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकले, कारण नवऱ्याची बदली झाली आणि गाडी अंगणात उभी राहिली. 

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं ते सपाट मैदानावर. खरी शिकले तेरेखोलच्या फेरीबोटीवर. (केरी म्हणजे पेडण्यातली, समुद्रावरची. सत्तरीतल्या केरीवाल्यांनी कृपया घाट घेऊन येऊ नये, दर वेळी हा गोंधळ होतो.) फेरीबोटीत गाडी उलटी घालायची असते, म्हणजे पलीकडे गेल्यावर सरळ बाहेर पडता येतं. भरतीला ठीक असतं. सुकती असली की बोट खाली जाते, आणि बाहेर पडताना समोर ओला, शेवाळलेला चढ उभा. मागे नदी. बाजूला चार स्कूटरवाले, ज्यांना प्रत्येकाला गाडी कशी चालवावी हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

पहिल्या दिवशी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा फेरीवरचा माणूस खिडकीशी आला. ओरडला नाही. म्हणाला, "बाय, हँडब्रेक ओढून धर. आता क्लच हळू सोड. आवाज बसला काय गे? बसला ना? तिथेच पाय ठेव. आता थोडा पेट्रोल दी आणि हँडब्रेक सोड." इंजिनाचा आवाज बसतो म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. गाडी थरथरते, मागचा भाग किंचित दबतो, जणू उडी मारायच्या आधी मांजर बसतं तशी. मग हँडब्रेक सोडला तरी ती मागे जात नाही. पुढे अनेक गाड्या चालवल्या, पण अजून कुठल्याही चढावर मी तो आवाज बसायची वाट बघते.

डिझेलभक्त (मडगाव), रविवार, सकाळी ७:५०

+१ ताई. 

माझी यादी: सुमो, ४०७ (टाटाचा छोटा ट्रक), बोलेरो, ॲम्बेसेडर. सगळ्यात आवडती विलीज छापाची तीन गिअरची जीप. तिच्या पहिल्या गिअरला मुळात सिंक्रोच नव्हता, चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर एकतर पूर्ण थांबा नाहीतर तिस्कवाल्यांची थाप मारा. लग्नाआधी सासरी ती घेऊन गेलो होतो, दारातच करर्र झालं. सासरे अजून सांगतात.

खाजें (म्हापसा), रविवार, सकाळी ९:१५

वय २३, त्यामुळे गप्प बसायला हवं, पण राहवत नाही. 

आमचं घरचं रेंट-अ-कारचं काम. काळी पाटी, पिवळी अक्षरं. गिअरच्या गाड्या आता गिऱ्हाइकंच मागत नाहीत. मागतात त्यातले अर्धे क्लचवर पाय ठेवूनच गोवा बघतात. परत आलेली गाडी दार उघडल्याबरोबर कळते, जळका वास, थोडा भाजलेल्या खोबऱ्यासारखा, थोडा रबरासारखा. भाऊ नुसता वास घेऊन सांगतो की क्लचची प्लेट किती दिवस काढील.

मी शिकलो अल्टोवर. आवडती मात्र नवी थार. पण डॉक्टरकाकांची जिप्सी वाचल्यापासून डोक्यात काहीतरी चाललंय. किती किलोमीटर झालीय? फोंड्याची पासिंग आहे ना, जीए-०५?

मांडवीकाठ (पणजी), रविवार, सकाळी ११:४०

मी ह्या धाग्यावर बहुधा सगळ्यांत जुना. चौऱ्याहत्तर पूर्ण.

माझी आवडती गाडी तुम्हांला श्रीमंती वाटेल, पण ती टॅक्सी होती. मर्सिडीज १८० डी. पोर्तुगीज अमलात आयात गाड्या सहज यायच्या, त्यातल्या कित्येक मर्सिडीज मुक्तीनंतरही बरीच वर्षं गोव्यात टॅक्सी म्हणून फिरल्या. मामाची होती म्हापशाच्या स्टँडवर. १७६७ सीसीचं डिझेल इंजिन, जेमतेम चाळीसेक घोड्यांचं, त्यामुळे घाई असलेल्या माणसाने दुसरी टॅक्सी बघावी. १९७० साली, एकोणिसाव्या वर्षी, मामाने ती माझ्या हातात दिली. 

ती चालू करणं हाच एक विधी. डॅशबोर्डवर एक नॉब. अर्धा बाहेर ओढून धरायचा आणि थांबायचं. बाजूला एका छोट्या जाळीमागे तार असते, ती हळूहळू तांबडी होते. थंडीच्या सकाळी मामा तेवढ्या वेळात देवाचं नाव घ्यायचा. तार लाल झाली की नॉब पूर्ण ओढायचा, मग इंजिन दोनदा खोकायचं आणि सगळ्या स्टँडला कळायचं.

गिअर स्टिअरिंगखाली. चार पुढचे. खाली दांडा नसल्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसायची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला चौघंसुद्धा, वर कोंबड्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधल्या माणसाच्या पोटाला माझं कोपर लागायचं. एक जाडे गृहस्थ होते, ते स्वतःच श्वास आत घ्यायचे, मी क्लच दाबल्याबरोबर. इतकी सवय.

खाजें, रविवार, सकाळी ११:५२

आजोबा, भारी! पोर्तुगीजांच्या काळची म्हणजे स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं का?

मांडवीकाठ, रविवार, दुपारी १२:१०

नाही रे. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्याने डावीच ठेवली. शेजारी सगळा ब्रिटिश मुलूख, सीमेवर बाजू बदलत कोण बसणार? त्यामुळे १९६१ मध्ये झेंडा बदलला, बाजू बदलावी लागली नाही.

अवांतर झालंच आहे तर आणखी एक. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल पडला तेव्हा माझ्याकडे ॲम्बेसेडर होती, १४८९ सीसी पेट्रोल, तिलाही गिअर स्टिअरिंगखालीच. पुढे पणजी ते बेती सगळं फेरीवर आलं. रांग कुठवर जायची ते विचारू नका. दर पाच मिनिटांनी गाडीभर पुढे सरकायचं. इंजिन चालू-बंद करत बसलो तर पेट्रोल जळणार, म्हणून न्यूट्रल करायची, दार उघडून चौकटीला खांदा लावायचा आणि ढकलत न्यायची, एक हात स्टिअरिंगवर. पुढचा-मागचाही तेच करतोय. पावसात छत्री मानेत धरून. त्या रांगेत जो शेजारी भेटला त्याच्याशी पुढे सोयरीक झाली, पण ती हकीकत गिअरची नाही.

बेळगावी कुंदा (बेळगाव), रविवार, दुपारी ३:०५

नमस्कार. गोव्यातला नाही, पण गोव्याच्या सांबाऱ्यातला कांदा-बटाटा आमच्याकडूनच येतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बारा वर्षं ४०७ चालवली. बाजारात १९८६ ला आलेली गाडी, अजून घाटात दिसते ह्यातच काय ते समजा. रात्री भाजी भरायची, चोर्ला उतरून पहाटे म्हापसा. तिचा दुसरा गिअर म्हणजे माझा भाऊ.

घाटाचा कायदा आजोबांपासून एकच: ज्या गिअरने चढला असतास, त्याच गिअरने उतर. आणि हे मी वळणावर नाही सांगत, उतार सुरू व्हायच्या आधी सांगतोय. भरली गाडी एकदा पळायला लागली की खालचा गिअर पडत नाही, आणि टाकायच्या नादात न्यूट्रलमध्ये अडकलास तर संपलंच. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे काही महाभाग अजून आहेत. काय वाचवतात देव जाणे.

मागच्या मे महिन्यात उतार संपला तिथे एक भाड्याची गाडी उभी, चारही चाकांतून धूर. आत नवरा-बायको, दोन पोरं, सगळी पांढरी पडलेली. साहेब पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायच्या बेतात. ओरडून थांबवलं. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकतेसुद्धा. म्हटलं, अर्धा तास बसा, वारा लागू द्या, पोरांना काहीतरी खायला द्या. कुठल्या गिअरने उतरलात विचारलं तर म्हणाले, "चौथ्या-पाचव्याने, पण ब्रेक सतत धरून होतो हो!" सतत धरला म्हणूनच. पॅड एका मर्यादेपुढे तापले की पकडच सोडतात, पेडल दाबलं तरी पायाखाली काही लागत नाही.

डिझेलभक्तांसाठी एक: पेट्रोल गाडी उतारावर जास्त अडते, कारण पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिनाला ओढून हवा घ्यावी लागते. साध्या डिझेलला ती झडपच नाही, दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, म्हणून अडवणं कमी. मोठ्या ट्रकांना धुराच्या वाटेवर झडप टाकून एक्झॉस्ट ब्रेक देतात तो ह्यासाठी.

आणि चढणाऱ्याला वाट द्या. हे संस्कार नाहीत, नियमच आहे.

न्यूट्रल, रविवार, दुपारी ३:३०

हे सगळं मान्य. पण इथे सगळे असं लिहिताहेत की ऑटोमॅटिक म्हणजे पाप. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्तातली एएमटी मिळते, आणि तिच्यात गिअरबॉक्स आपलाच जुना असतो, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला फक्त यंत्र बसवलेलं. घाटात मॅन्युअलवर टाका, दुसरा धरून ठेवा, झालं. आईला संधिवात आहे, ती ह्या वयात एकटी मंगेशीला जाऊन येते. ते कुठल्या दुसऱ्या गिअरने केलं नसतं.

अर्धा क्लच, रविवार, दुपारी ४:००

न्यूट्रल, आईंना नमस्कार सांगा. तुमचं नाव बदलून घ्या मात्र, कुंदा रागावलेत.

तिस्कवाला, रविवार, रात्री ९:२२

कालचं अर्धं राहिलं.

गाड्या उभ्या राहिल्या. पहिल्या पावसाळ्यात आठवड्याला एकदा स्टार्ट मारत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात कुणाला मन नव्हतं, कर्जाचे हप्ते डोक्यावर. आमच्या अंगणातल्या तीन गाड्यांपैकी एकीच्या आरशावर कारल्याचा वेल चढला, वहिनीने त्याची भाजी केली. २०१४ ला कोर्टाने बंदी उठवली, पुढे ट्रिपा परत सुरू व्हायचं बोलणं निघालं तेव्हा बॅटरी घालून स्टार्ट केली. इंजिन लागलं. क्लच दाबला, पहिला टाकायला गेलो तर जाईचना. करर्र. नीट दाबला तरी तेच. क्लचची प्लेट दमट हवेने गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. पाय क्लच सोडवतोय आणि क्लच सुटत नाही.

गॅरेजवाल्याने सांगितलं गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बाब तेव्हा हयात होता, काठी घेऊन आला. म्हणाला, इंजिन चांगलं तापव, मग बंद कर. गाडी मोकळ्या मैदानात, समोर कोण नको. बंद गाडीत दुसरा टाक, आणि तसाच गिअरमध्ये स्टार्ट मार. गाडी उडी मारत चालायला लागली. क्लच पूर्ण खाली धरून ॲक्सिलरेटर, ब्रेक, ॲक्सिलरेटर, ब्रेक. पाच-सहा झटके. मग खालून "ठाप" असा आवाज आला, नारळ पडल्यासारखा, आणि इंजिन एकदम मोकळं फिरायला लागलं. बाबने काठी उचलून दाखवली फक्त.

दुसरीही सुटली. तिसरी नाही, कारल्यावाली. तिचा गिअरबॉक्स उतरवलाच.

२०१८ ला परत बंद पडलं तोवर मी शाळेची बस धरली होती. पाच गिअर, सिंक्रो एकदम छान. तरी खाली येताना पाय थाप मारतोच. पोरं मागून विचारतात, काका, गाडी उचकी का देते?

केरीची कैरी, रविवार, रात्री ९:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली). कारल्याच्या वेलासकट.

डिझेलभक्त, रविवार, रात्री ९:४४

बाबच्या काठीला माझाही नमस्कार. कदंबच्या जुन्या बसचे ड्रायव्हर आठवले. १९८० साली महामंडळ झालं, त्याआधी आपल्याकडे सगळ्या खाजगी कारेरी (बसगाड्या). पोरवयात मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटसाठी भांडायचो. मजल्यातून वर आलेला तो कमरेएवढा दांडा, वर रंगीत गोळा, आणि गिअर पडला की ड्रायव्हरचं अर्धं अंग त्याच्याबरोबर जायचं. करमळ घाटात एकदा दांडा त्याच्या हातातून सुटून परत उडाला, तो नुसता "हुं" म्हणाला आणि परत घातला. मोठेपणी बस काही चालवायला मिळाली नाही, म्हणजे धाग्याच्या नियमात बसत नाही. उडवायचं तर उडवा.

खाजें, सोमवार, दुपारी १:०५

डॉक्टरकाका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. खरंच घ्यायची आहे. घरी "जुनं लोखंड" म्हणताहेत, ते मी बघतो.

अर्धा क्लच, पुढचा शनिवार, रात्री ८:५५

धागा वर काढतो, कारण हिशोब द्यायचा आहे.

खाजें गुरुवारी आला. मोलेपर्यंत जाऊन आलो, पुढे अनमोडाची तीन-चार वळणं. मी डावीकडे बसलो. एवढ्या वर्षांत माझ्याच गाडीत त्या सीटवर पहिल्यांदा. पोरगा चांगला चालवतो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घाई करतो, मधल्या अडखळीला थांबत नाही. पहिल्यांदा करर्र झालं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसऱ्यांदा मात्र तोंडातून निघून गेलं, "आता जाय ना..." तिस्कवाल्यांनी माफ करावं, चोरलं. चौथ्या वळणापर्यंत त्याला ते सापडलं. माझा डावा पाय सगळा वेळ चटईवर दाबत होता, गुडघा दुखला तो दुखलाच.

पैशांचं ठरलं. किती ते विचारू नका, बायकोलाही कमीच सांगितलंय.

नवी ऑटोमॅटिक काल आली. शोरूमपासून कुर्टीपर्यंत ठीक. तिथे सिग्नलला सवयीने डाव्या पायाने क्लच म्हणून जो दाबला तो ब्रेक. पूर्ण ताकदीने. बायकोच्या मांडीवरची बांगडे (मासे) भरलेली पिशवी डॅशबोर्डवर. नवीन गाडीला पहिल्याच दिवशी गोव्याचा वास लागला.

न्यूट्रल, शनिवार, रात्री ९:०३

काका, डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवा, टाच सीटला टेकेल असा. दोन आठवडे. मी तसंच केलं होतं. (हो, मीसुद्धा आधी गिअरचीच चालवायचो. सॅन्ट्रो. कुणाला सांगू नका.)

मांडवीकाठ, शनिवार, रात्री ९:३०

बांगडे वाचले काय?

अर्धा क्लच, शनिवार, रात्री ९:३४

वाचले. हुमण झालं.

खाजें, रविवार, सायंकाळी ६:४८

काका, जिप्सी घेऊन आज मित्रांबरोबर आमच्या मागच्या डोंगरावर गेलो. उजवा हब फिरला, डावा फिरतच नाहीय. पक्कड लावू का?

अर्धा क्लच, रविवार, सायंकाळी ६:५१

पक्कड लावशील तर गाडी परत आण. हाताला काय लागलंय?

खाजें, रविवार, सायंकाळी ६:५३

ग्रीस. आणि अंधार पडलाय.

अर्धा क्लच, रविवार, सायंकाळी ६:५४

टॉर्च दातांत. शर्टाचं टोक.